पॉइंटर-घोषणेची लेखनपद्धती, सी भाषेतील

संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या स्थानाचा पत्ता ज्या चलात साठविलेला असतो, त्या चलास पॉइंटर (दर्शक) असे म्हणतात. सी या संगणकभाषेत असे चल वापरण्यापूर्वी त्याची घोषणा करावी लागते आणि त्या घोषणेत तारका (*) हे चिन्ह येते. हे चिन्ह प्रकार सांगणाऱ्या शब्दाला जोडून लिहावे की चलाच्या नावाला जोडून लिहावे, यासंबंधी सी व तिच्यापासून निघालेली सी++ या भाषांच्या वापरकर्त्यांत दोन पद्धती रूढ आहेत. पूर्णांकाचा पत्ता धारण करणाऱ्या ‘क’ या चलाची घोषणा ‘इंट *क;’ अशी लिहिली, तर तिला नावलग्न पद्धती म्हणता येईल; ‘इंट* क;’ अशी लिहिली, तर ती प्रकारलग्न पद्धती होय. दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडून ‘इंट * क;’ असे लिहिणारेही काही आहेत. (सी भाषेचे प्रत्यक्ष लेखन रोमन लिपीत होते, येथील उदाहरणे वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.)

आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर या तिन्ही लेखनांत कोणताही भेद करीत नाही. शब्द व चिन्हे एकमेकांपासून वेगळी ओळखता आली म्हणजे मधली मोकळी जागा त्याच्या दृष्टीने निरर्थक असते. असे असूनही हा मतभेद कित्येक दशके टिकून राहिला आहे. त्याचे कारण असे, की घोषणा ही कशाची असते, या मूळ प्रश्नाला दोन्ही पद्धती वेगवेगळे उत्तर देतात. नावलग्न पद्धतीनुसार घोषणा म्हणजे ते नाव पुढे कसे वापरले जाईल याचा नमुना होय, तर प्रकारलग्न पद्धतीनुसार ती नावाला दिलेली प्रकाराची ओळख होय. या द्वैताची मुळे सी भाषेच्या जडणघडणीतच, म्हणजे १९७१ ते १९७३ या काळात, सापडतात.

पूर्वपीठिका : सी भाषेची वंशावळ बीसीपीएल या भाषेपर्यंत जाते. केंब्रिज विद्यापीठातील मार्टिन रिचर्ड्स यांनी ती १९६०–७० या दशकाच्या मध्यास तयार केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या न्यू जर्सी राज्यातील मरी हिल येथील केंद्रात केन टॉम्पसन यांनी तिचे संक्षिप्त रूप करून १९७० च्या सुमारास पीडीपी-७ या लहान संगणकासाठी बी ही भाषा रचली. या दोन्ही भाषा प्रकारविरहित होत्या. स्मृतीतील प्रत्येक घर हे एकाच मापाचे असून त्यातील मजकूर संख्या मानावयाचा की पत्ता मानावयाचा, हे त्यावर होणाऱ्या क्रियेवरून ठरे. साहजिकच पॉइंटर म्हणून कोणत्याही चलाची वेगळी घोषणा करण्याचे प्रयोजन नव्हते. बी भाषेत नावापूर्वी तारका लिहिली, की ‘या पत्त्यावर जे आहे ते’ असा अर्थ होई. म्हणजे तारका ही मुळात वापराच्या वेळी करावयाच्या क्रियेचे चिन्ह होती. घोषणेत ती नंतर आली. पुढील सर्व वाद समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पीडीपी-११ हा संगणक आल्यावर प्रकारविरहित भाषा अपुरी पडू लागली. या संगणकात प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता असे व अक्षरे आणि पूर्णांक यांची मापे वेगवेगळी होती. डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी १९७१ मध्ये बी भाषेत ‘इंट’ (पूर्णांक) व ‘कॅर’ (अक्षर) हे दोन प्रकार घालून तिची जी सुधारित आवृत्ती केली, ती ‘न्यू बी’ या नावाने ओळखली जाई. तीत पूर्णांकाच्या पॉइंटरची घोषणा ‘इंट क[];’ अशी, रिकामे चौकटी कंस देऊन करीत. घोषणेत तारकेला अद्याप स्थान नव्हते. फंक्शनकडे येणारी मूल्ये घोषित करताना रिकाम्या चौकटी कंसांचा हा वापर सी भाषेत आजही शिल्लक आहे.

‘घोषणा वापरासारखी’ हे तत्त्व : न्यू बी मध्ये ॲरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग मांडणी) घोषित केला, की मूल्यांच्या घरांखेरीज पहिल्या घराचा पत्ता ठेवणारे एक जादा घर राखून ठेवले जाई. रिची यांनी भाषेत स्ट्रक्चर, म्हणजे भिन्न प्रकारच्या मूल्यांचा एकत्र गट, आणावयाचे ठरविले तेव्हा ही योजना अडचणीची ठरली. युनिक्स प्रणालीच्या निर्देशिकेतील नोंद हे त्यांच्यापुढील उदाहरण होते. तीत एक पूर्णांक व त्यालगत चौदा अक्षरांचे नाव असे. डिस्कवर ही मांडणी जशी होती तशीच ती स्मृतीत यावी, हे उद्दिष्ट असताना मध्येच एक जादा पत्ता बसविण्यास जागा नव्हती. रिची यांनी ते जादा घरच काढून टाकले आणि असा नियम केला, की ॲरेचे नाव वापरात आले म्हणजे त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता त्याच क्षणी तयार व्हावा.

या निर्णयामुळे ॲरे व पॉइंटर या गोष्टी परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या झाल्या आणि पॉइंटरसाठी स्वतंत्र लेखन हवे झाले. त्याबरोबरच पॉइंटरचा पॉइंटर, पॉइंटरांचा ॲरे, पॉइंटर परत देणारे फंक्शन असे संयुक्त प्रकारही शक्य झाले. ही प्रकारांची रचना अल्गॉल ६८ या भाषेवरून सुचली, हे रिची यांनी नमूद केले आहे. लेखनपद्धती मात्र त्यांची स्वतःची होती. प्रकारांसाठी वेगळी लिपी न निर्मिता, चल ज्या रूपात वापरले जाणार तेच रूप घोषणेत लिहावयाचे, असे त्यांनी ठरविले. ‘इंट क, *ख, **ग;’ या एकाच घोषणेचा अर्थ असा, की ‘क’ हा पूर्णांक, ‘*ख’ हा पूर्णांक आणि ‘**ग’ हाही पूर्णांक. त्यावरून ‘ख’ हा पूर्णांकाचा पॉइंटर व ‘ग’ हा अशा पॉइंटरचा पॉइंटर, हे वाचणाऱ्याने ताडावयाचे. वापराचे नियम एकदा शिकले, की घोषणेचे नियम वेगळे शिकावे लागत नाहीत, ही या योजनेतील काटकसर होय. सी भाषेचे मूलभूत स्वरूप १९७३ च्या प्रारंभापर्यंत सिद्ध झाले व त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा तीत पुन्हा लिहिण्यात आला.

या तत्त्वानुसार तारका ही नावाची सोबतीण ठरते, प्रकाराची नव्हे. ब्रायन कर्निगन व रिची यांचा सी भाषेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९७८ मध्ये प्रकाशित झाला. त्यात नावलग्न लेखनच आढळते आणि ही घोषणा स्मरणास साहाय्य व्हावे अशा रीतीने योजिली असल्याचे स्पष्टीकरणही आढळते. युनिक्सचा प्रसार जसजसा विद्यापीठांतून व उद्योगांतून झाला, तसतशी या ग्रंथाची लेखनशैली हीच सी भाषेची प्रमाणशैली बनली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या भारतभर वापरल्या गेलेल्या पाठ्यपुस्तकातही तारका नावालाच जोडलेली आहे. त्यात तारकेचे वर्णन ‘पत्त्यावरील मूल्य’ सांगणारे चिन्ह असे केलेले असल्याने नावलग्न लेखनाशी ते सुसंगतही आहे.

तत्त्वावरील आक्षेप : साध्या घोषणांत ही योजना सुबोध असली, तरी संयुक्त प्रकारांत ती क्लिष्ट होते. तारका नावापूर्वी येते, तर ॲरे व फंक्शन यांचे कंस नावानंतर येतात आणि नंतर येणाऱ्या चिन्हांना अग्रक्रम मिळतो. परिणामी ‘इंट *क[१०];’ म्हणजे दहा पॉइंटरांचा ॲरे आणि ‘इंट (*क)[१०];’ म्हणजे दहा पूर्णांकांच्या ॲरेचा एक पॉइंटर, असा मोठा अर्थभेद केवळ गोल कंसांवर अवलंबून राहतो. बेल प्रयोगशाळांतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रवी सेठी यांनी १९८१ मध्ये असे दाखवून दिले, की तारका नावानंतर लिहिण्याची योजना असती, तर अशा बहुतेक घोषणा कंसांवाचून डावीकडून उजवीकडे सरळ वाचता आल्या असत्या. निक्लाउस व्हिर्ट यांच्या पास्काल भाषेत वापराच्या वेळी पॉइंटरचे चिन्ह नावानंतरच येते. तथापि सी भाषेत लिहिलेल्या आज्ञावल्यांचा साठा तोवर एवढा वाढला होता, की बदल करणे शक्य राहिले नव्हते. कर्निगन व रिची यांच्या ग्रंथाच्या १९८८ मधील दुसऱ्या आवृत्तीत तर अवघड घोषणांचे शब्दांत रूपांतर करणारी एक छोटी आज्ञावलीच उदाहरणादाखल देण्यात आली.

प्रकारलग्न पद्धतीचा उदय : बेल प्रयोगशाळांतच बियार्ने स्ट्राऊस्ट्रुप या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये सी भाषेच्या विस्ताराचे काम आरंभिले. या विस्तारित भाषेस १९८३ मध्ये सी++ हे नाव मिळाले व १९८५ मध्ये ती बाहेरील वापरकर्त्यांस उपलब्ध झाली. या भाषेत नवे प्रकार निर्माण करणे हे आज्ञावलीकाराचे प्रमुख काम होऊन बसले. त्यामुळे घोषणेकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. ‘क हा पूर्णांक-पॉइंटर या प्रकारचा आहे’ असा विचार करणाऱ्यास तारका प्रकाराच्या शब्दाला लागून असणे स्वाभाविक वाटते. स्ट्राऊस्ट्रुप यांच्या लेखनातून ‘इंट* क;’ ही पद्धती सी++ वापरणाऱ्यांत रुजली.

या पद्धतीला भाषेच्या वाढीनेही बळ दिले. सी++ मध्ये रेफरन्स, म्हणजे अस्तित्वात असलेल्या चलाचे दुसरे नाव, ही नवी संकल्पना आली आणि तिच्या घोषणेसाठी ‘&’ हे चिन्ह योजण्यात आले. वापराच्या वेळी मात्र ‘&’ या चिन्हाचा अर्थ ‘पत्ता घ्या’ असा होतो. म्हणजे ‘इंट &क = ख;’ या घोषणेत ‘घोषणा वापरासारखी’ हे तत्त्व लागूच पडत नाही; तेथे ‘&’ हे निव्वळ प्रकाराचे चिन्ह होय. पुढे आलेल्या टेम्पलेटमध्ये (कोणत्याही प्रकारासाठी उपयोगी पडणारा आकृतिबंध) प्रकार हा नावावाचून स्वतंत्रपणे लिहावा लागतो. तेथे तारकेला चिकटण्यास नावच नसते. खुद्द सी भाषेतही एका प्रकाराचे मूल्य दुसऱ्यात बदलताना ‘(इंट *)’ असे नावरहित लेखन पूर्वीपासून होतेच. ॲन्सी या अमेरिकी मानक संस्थेने १९८९ मध्ये संमत केलेल्या प्रमाण सी भाषेने सी++ वरून फंक्शनच्या घोषणेची नवी रीत उचलली. जुन्या रीतीत फंक्शनकडे येणाऱ्या मूल्यांच्या घोषणा कंसाबाहेर, बहुधा एका ओळीत अनेक नावे घेऊन, करीत. नव्या रीतीत प्रत्येक नावाचा प्रकार स्वतंत्रपणे लिहावा लागतो. त्यामुळे प्रकारलग्न लेखनाचा मुख्य दोष निदान फंक्शनच्या घोषणेपुरता उरला नाही.

एका ओळीतील अनेक नावे : हा मुख्य दोष ‘इंट* क, ख;’ या घोषणेत दिसून येतो. डोळ्यांना ती दोन पॉइंटरांची घोषणा वाटते. परंतु भाषेच्या व्याकरणानुसार तारका फक्त ‘क’ ला लागू होते आणि ‘ख’ हा साधा पूर्णांक ठरतो. दोन्ही पॉइंटर हवे असल्यास ‘इंट *क, *ख;’ असे लिहावे लागते.

ही चूक नेहमीच तत्काळ उघडकीस येत नाही. ‘*ख’ असा वापर केल्यास कंपायलर आक्षेप घेतो. परंतु ‘ख’ मध्ये केवळ पत्ता ठेवून तो पुढे दिला, तर जुन्या सी भाषेत त्यास आडकाठी नव्हती. १९७८ च्या ग्रंथात असे नमूद आहे, की तत्कालीन कंपायलर पॉइंटर व पूर्णांक यांची एकमेकांत सरळ नक्कल करू देतात, मात्र असे लेखन निरनिराळ्या यंत्रांवर चालेलच असे नाही. पीडीपी-११ वर पूर्णांक व पत्ता दोन्ही १६ बिटांचे, तर नंतरच्या व्हॅक्स संगणकावर दोन्ही ३२ बिटांचे होते. त्यामुळे चुकीने पूर्णांकात ठेवलेला पत्ता जसाच्या तसा परत मिळे व आज्ञावली बरोबर चाले. ६४ बिटांचे संगणक प्रचारात आल्यावर मात्र पत्ता ६४ बिटांचा झाला आणि ‘इंट’ सामान्यतः ३२ बिटांचाच राहिला. पूर्णांकात ठेवलेल्या पत्त्याचा अर्धा भाग गळून पडू लागला. वर्षानुवर्षे चाललेल्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर कोसळण्याचे हे एक कारण होते. प्रमाण सी भाषेनुसार असे लेखन नियमबाह्य असले, तरी जुन्या आज्ञावल्यांच्या सोयीसाठी कंपायलर दीर्घकाळ केवळ इशारा देऊन पुढे जात. जीसीसी या बहुप्रचलित कंपायलरने २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीपासून तो इशारा न मानता दोष मानण्यास प्रारंभ केला.

नावलग्न लेखनही निर्दोष नाही. ‘इंट *क = &ख;’ या घोषणेत ‘ख’ चा पत्ता ‘*क’ ला दिला जात असल्यासारखे दिसते; प्रत्यक्षात तो ‘क’ ला मिळतो. हीच गोष्ट घोषणेबाहेर लिहावयाची झाल्यास ‘क = &ख;’ अशी, तारकेवाचून, लिहावी लागते. अनेक नवशिक्यांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. मूल्य बदलू नये असे सांगणारा ‘कॉन्स्ट’ हा शब्द आला, की ‘इंट *कॉन्स्ट क’ अशा लेखनात तारका व नाव यांची ताटातूट होते. जीएनयू व बीएसडी या परंपरांत फंक्शन लिहिताना त्याने परत द्यावयाच्या मूल्याचा प्रकार वरच्या ओळीत व नाव खालच्या ओळीत लिहितात. तेथे नावलग्न पद्धतीचे अनुयायीही तारका वरच्या ओळीत, प्रकाराजवळच ठेवतात.

मोकळी जागा खरोखरीच अर्थ बदलते, असे एक स्थळ घोषणेबाहेर आहे. भागाकारात पॉइंटरवरील मूल्याने भागताना ‘ग/*क’ असे जोडून लिहिले, तर ‘/*’ या जोडचिन्हाने टिप्पणीस प्रारंभ होतो व पुढील मजकूर कंपायलर वगळतो. अँड्र्यू केनिग यांनी सी भाषेतील सापळ्यांविषयी १९८९ मध्ये प्रकाशित केलेल्या पुस्तकात या उदाहरणाचा समावेश आहे.

नियमावल्या व उपाय : मोठ्या आज्ञावल्या अनेकांच्या हातून लिहिल्या जाऊ लागल्यावर संस्थांनी लेखनाचे नियम घालून दिले. बेल प्रयोगशाळांच्या इलिनॉय राज्यातील इंडियन हिल येथील केंद्रात निघालेल्या व पुढे सुधारून प्रसृत झालेल्या नियमावलीत तारका नावाजवळ लिहावी असे सांगून अनेक नावांच्या घोषणेतील चूक हेच कारण दिले आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्सच्या गाभ्याची नियमावलीही नावलग्न आहे. याउलट स्ट्राऊस्ट्रुप व हर्ब सटर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सी++ विषयक मार्गदर्शक सूचना प्रकारलग्न लेखन सुचवितात. त्याचबरोबर एका घोषणेत एकच नाव असावे, असाही नियम त्या घालतात. प्रकारलग्न लेखनाचा धोका या दुसऱ्या नियमाने संपुष्टात येतो.

प्रकाराला स्वतःचे नाव देणारी ‘टाइपडेफ’ ही सोय हा दुसरा उपाय होय. पूर्णांक-पॉइंटरला ‘टाइपडेफ’ने एखादे नाव दिले, की त्या नावाने घोषित केलेली सर्व चले पॉइंटर होतात. विंडोज प्रणालीच्या घोषणांत अशी नावे मोठ्या प्रमाणावर वापरली आहेत. लिनक्सच्या नियमावलीला मात्र हा उपाय मान्य नाही. चल पॉइंटर आहे ही महत्त्वाची गोष्ट त्यामुळे वाचकापासून लपते, असे तिचे म्हणणे आहे. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या सी भाषेच्या नव्या मानकात ‘टाइपऑफ’ हा शब्द आला असून ‘टाइपऑफ(इंट *) क, ख;’ असे लिहिल्यास दोन्ही चले पॉइंटर होतात. लेखन आपोआप एकसारखे करणाऱ्या ‘क्लँग-फॉरमॅट’ या साधनात तारका डावीकडे, उजवीकडे किंवा मध्ये ठेवण्याचे तिन्ही पर्याय आहेत. फाइलमध्ये ज्या पद्धतीचे आधिक्य असेल ती ओळखून अनुसरण्याची सोयही त्यात आहे.

उत्तरकालीन भाषांवरील परिणाम : सी भाषेपासून स्फूर्ती घेतलेल्या भाषांच्या कर्त्यांनी या प्रश्नाचा निर्णय प्रायः प्रकाराच्या बाजूने दिला. सी# व डी या भाषांत ‘इंट* क, ख;’ या घोषणेने दोन्ही चले पॉइंटर होतात. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने असे पॉइंटर वगळले. पण ॲरेच्या बाबतीत ‘इंट[] क’ व ‘इंट क[]’ ही दोन्ही लेखने स्वीकारल्याने तोच मतभेद तेथे वेगळ्या वेषात उतरला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेच्या तीन कर्त्यांपैकी एक स्वतः केन टॉम्पसन होते. या भाषेत नाव आधी व प्रकार नंतर लिहितात. ‘व्हार क, ख *इंट’ या घोषणेत तारका निःसंदिग्धपणे प्रकाराची असून ती दोन्ही नावांना लागू होते. मात्र वापराच्या वेळी ती नावापूर्वीच येते; बी भाषेतील चिन्ह त्यांनी तेवढे कायम ठेवले.

रिची यांनी १९९३ मध्ये सी भाषेचा इतिहास सांगताना ॲरे व पॉइंटर यांचा संबंध आणि वापराचे अनुकरण करणारी घोषणा, ही सी भाषेची दोन सर्वांत विशिष्ट लक्षणे असल्याचे म्हटले व त्यांवरच सर्वाधिक टीका झाल्याचेही मान्य केले. स्ट्राऊस्ट्रुप यांनीही दोन्ही लेखने सारखीच बरोबर असल्याचे सांगून निवडीचे कारण दृष्टिकोनात आहे, असे मत दिले आहे. सी भाषेचे व्याकरण नावलग्न पद्धतीशी जुळते आणि प्रकारप्रधान विचारसरणी दुसरीशी. व्याकरण बदलणे शक्य नसल्याने एका घोषणेत एकच नाव लिहिणे आणि एका आज्ञावलीत एकच पद्धती पाळणे, या दोन नियमांवर दोन्ही पक्षांचे व्यवहारात बव्हंशी एकमत झालेले दिसते.